मुलीसाठी बघायला गेलेलं कॉलेज

लेस्टरला निघताना घरी एवढंच सांगितलं, की मृण्मयीला भेटून येते. माझी लेक तिथे युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. शिवाय नवऱ्याला, सतीशला, तिथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाल्याने उन्हाळ्यात आम्हीही साउथहॅम्प्टन सोडून तिकडेच जाणार आहोत, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. खरं कारण होतं शनिवारचा एका मोठ्या कॉलेजचा ओपन डे, म्हणजे कुणीही आत जाऊन कोर्सची चौकशी करायचा दिवस. वृद्धांच्या केअर होममध्ये इतकी वर्षं नोकरी केल्यावर शेहेचाळिसाव्या वर्षी नर्स व्हायचं माझ्या डोक्यात आलं होतं आणि हे फक्त मृण्मयीला माहीत होतं.

साउथहॅम्प्टनहून लंडनचं वॉटर्लू, तिथून ट्यूबने सेंट पँक्रस आणि मग लेस्टरची गाडी. तिकिटं आधीच काढा, आयत्या वेळी फार महाग पडतात. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, पण डबा उघडलाच नाही. संध्याकाळी बेलग्रेव्ह रोडवर, गुजराती हॉटेलांच्या रांगेत, खिचडी-कढी मागवली. कढी गोड, खिचडी गरम, दोघींचं मिळून एका सिनेमाच्या तिकिटाएवढं बिल. मी नुसता चमचा फिरवत बसले.

"आई, तू काहीच खात नाहीस. यू ओके?"

"उद्या तू पण आत येशील ना? एकटीला कसंतरी वाटतं गं."

"येते. पण तुझा ओपन डे आहे, माझा नाही, ओके?"

आता कॉलेजबद्दल. इकडे कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी नव्हे. सोळा वर्षांची मुलं शाळेनंतर इथे येतात, आणि माझ्यासारखे मोठेही. एका इमारतीत गाड्या खोललेल्या, दुसरीत विद्यार्थीच केस कापतात, तिसरीत बेकरी. तिथला चीज स्कोन जरूर खा, स्वस्त आणि ताजा असतो. मोठ्यांना इंग्रजी आणि गणिताचं जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, बहुतेक वेळा फुकट करता येतं. नर्सिंगच्या डिग्रीआधी ॲक्सेस नावाचा कोर्स लागतो आणि त्यासाठी लोन मिळतं. या देशात किती वर्षं राहिलात हेही बघतात, म्हणून तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते त्यांनाच विचारा. बस दारापर्यंत जाते. गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा नसते.

हेल्थच्या टेबलाशी डॉन नावाच्या बाई होत्या, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, चेहरा हसरा. त्यांनी "कुणासाठी चौकशी?" म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलीसाठी."

मृण्मयीने माझ्याकडे असं पाहिलं की बस. पण मी सुटलेच होते. मुलीचं गणित कच्चं असेल तर? मुलगी वर्गात सगळ्यांत मोठी असेल तर? डॉन एकेक उत्तर देत होत्या, पण बघत होत्या मृण्मयीकडे. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, "तुला नर्स का व्हायचंय?"

"मला? आय हेट ब्लड," मृण्मयी म्हणाली.

"अहो, नाही, तिला फार आवडतं!" मी ओरडलेच.

डॉन एकदम गंभीर झाल्या. मुलांवर कोर्स लादणारे आपल्याकडचे आईवडील त्यांनी पुष्कळ पाहिले असणार. मला अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पालकांसाठी तिकडे चहा आहे. मी जरा हिच्याशी एकटीशी बोलू का?" आणि मला चक्क बाजूला काढलं.

चहाच्या टेबलाशी जाऊन एक कप भरून घेतला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आत्ता निघून गेलं तर कुणाला काही कळणार नाही, हेही मनात आलं. तेवढ्यात मृण्मयीने दुरूनच दोन्ही हात पसरले, म्हणजे आता मी काय सांगू? कप ठेवला आणि परत गेले.

"मीच ती. चौकशी माझ्यासाठी आहे."

डॉन हसल्या नाहीत, याचे मी आजही आभार मानते. म्हणाल्या, "मग गणिताची चाचणी आत्ताच देता का? वर जागा आहे." अपूर्णांक बघून घाम फुटला, पण सगळं सोडवलं. निकाल असा की आधी वर्षभर गणित, मग ॲक्सेस, आणि या सगळ्याच्या आधी मुलाखत. मुलाखतीत घेतीलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रविवारी घरी आले. जेवताना सतीशने विचारलं, "मृण्मयी म्हणत होती कॉलेज बघितलंत. कुणासाठी?"

"आमच्या केअर होममधली एक जण आहे..." एवढं बोलून मी थांबले. "माझ्यासाठी. मला नर्स व्हायचंय."

त्याने घास खाली ठेवला. "आणि मला आज सांगतेस?"

"नापास झाले तर कुणाला कळायला नको, म्हणून."

तो भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवून म्हणाला, "जेव आधी. गणित मी घेतो तुझं."

मुलाखत अजून व्हायची आहे. तिच्या नुसत्या विचाराने पहाटे जाग येते, आणि शेहेचाळीस हा आकडा नको तिथे आठवतो. इथे लिहिलंय म्हणजे नापास झाले तर आता तुम्हा सगळ्यांनाच कळणार. कळू दे.