मी तिला "त्याग" लिहायला सांगितलं

मंडळी, आज मन फार खट्टू झालंय.

मी तमिळनाडूत कुंभकोणमला अकरावीला इंग्रजी शिकवते. आमच्या अभ्यासक्रमातल्या कादंबरीतली आई लहानपणी आपल्या भावंडांसाठी शाळा सोडते. गाइडमध्ये आशयसूत्र एका शब्दात दिलंय, त्याग. सगळ्या वर्गाने तेच सांगितलं.

जवळच्या दारासुरम गावच्या विणकराची मुलगी कयल मात्र म्हणाली, "मिस, हा त्याग कसा? तिला कुणी विचारलंच नव्हतं."

इतक्या वर्षांत असं उत्तर मी ऐकलं नव्हतं.

"परीक्षेत हेच लिहू?" तिने विचारलं.

पेपर तपासणारे गाइडबाहेरच्या उत्तराला गुण देत नाहीत. मी म्हटलं, "नको गं. त्यागच लिही."

तिने वहीतलं स्वतःचं वाक्य खोडलं.

तुम्ही काय सांगितलं असतं? उद्या तिने विचारलं, तर मी पुन्हा हेच सांगेन.