ओला, सुका आणि पार्वती आक्का

रोजचा कचरा रोज उचलला की साठत नाही. किश्श्यांचं तसं नाही. ते न्यायला कुणाची गाडी येत नाही, म्हणून ते घरातच साठत जातात. आमच्या कचरागाडीवरचे किस्से तर इतके झालेत की आता थोडे रिकामे केल्याशिवाय नव्यांना जागा नाही!

तर मी सुमन. निपाणीजवळच्या एका गावात पंचायतीची कचरागाडी चालवते. मी पुढं स्टेअरिंगवर, आणि मागं उभी राहून घराघरातल्या बादल्या घेणारी पार्वती आक्का. शेडमध्ये कचरा निवडायला रेखा आणि आणखी दोघीजणी. आम्ही पाचही जणी एकाच महिला संघातल्या, आणि पाचही जणी आधी विड्या वळणाऱ्या. मी तर फ्रॉक घालत होते तेव्हापासून मांडीवर सूप घेऊन बसलेली. पाठ गेली, खोकला आला, तरी सूप काही सुटलं नाही. ते सुटलं ते या गाडीमुळं. त्यामुळं लोक नाकाला पदर लावतात त्या गाडीवर माझा केवढा जीव आहे, हे मलाच ठाऊक.

* * *

गाडी बाईनंच चालवायची असा नियम होता. म्हणून पंचायतीनं मला बेळगावला महिनाभर ट्रेनिंगला पाठवलं. शिकवणारे सर शांत स्वभावाचे. पण तिसऱ्या दिवशी त्यांचाही धीर सुटला.

"ताई, समोर बघा! रस्ता समोर आहे, मांडीवर नाही!"

आता तीस वर्षं मान खाली घालून विड्या वळलेली बाई मी. हात चालू झाले की नजर आपोआप मांडीवर जायची. शेवटी सरांनी माझ्या मांडीवर एक उशी ठेवली, खाली बघितलं तरी काही दिसू नये म्हणून. लायसन्सच्या परीक्षेलाही मी ती उशी घेऊन गेले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हे कशाला?" सर म्हणाले, "साहेब, तो त्यांचा ब्रेक आहे."

पहिल्या दिवशी गावात गाडी घेऊन शिरले तर काय! सगळं गाव दारात उभं. म्हाताऱ्या, सुना, तालमीतली पोरं, सगळे. मला वाटलं, केवढी ही जागृती! पण कुणाच्याच हातात बादली नाही.

मी विचारलं, "कचरा कुठाय?"

एक म्हातारी म्हणाली, "कचरा उद्या आणतो गं. आज नुसती तुला बघाय आलोय!"

* * *

गाडीला वर भोंगा होता. त्यावर स्वच्छतेचं कन्नड गाणं लागायचं. दोन दिवसांत एक गट पंचायतीत गेला, "गावात मराठी माणसं जास्त, गाणं मराठीत लावा." मराठी गाणं लावलं तर दुसरा गट गेला, "सरकार कर्नाटकाचं, गाणं कन्नडच पायजे." मग दोन्ही गाणी एकाआड एक लावली. त्यावर भांडण असं, की आमच्या गल्लीत नेमकं त्यांचंच गाणं का वाजतं!

आमचे पीडीओ साहेब, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, विजापूरकडचे. बिचारे मराठी बोलतात, पण एकेक शब्द काट्यावर मोजून. त्यांनी कपाळाला हात लावला. "आता मीटिंग घ्यावी लागेल."

आक्कानं मीटिंगची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी घरातलं जर्मनचं ताट आणि पळी घेऊन आली. भोंगा बंद केला आणि लागली बडवायला. दहा मिनिटांत सगळ्या बादल्या बाहेर!

साहेबांनी विचारलं, "हे काय आक्का?"

"साहेब, ताटाला मराठी बी येत न्हाय आन् कन्नड बी येत न्हाय. पण सगळ्यास्नी कळतंय."

* * *

खरं संकट आलं ते पानाच्या कात्रणाचं. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत, हे आम्ही घरोघरी जाऊन शिकवलं होतं. पण आमच्याकडं दर दुसऱ्या घरात विड्या. विडीचं पान आधी पाण्यात भिजवतात, मग कापतात. त्यामुळं कात्रण ओलं. पण पान मुळात वाळलेलं, म्हणजे सुकं. मग ते टाकायचं कुठं? एका गल्लीत तर दोन जावांनी यावरून आठवडाभर अबोला धरला.

मी साहेबांना विचारलं. साहेबांनी तालुक्याला फोन केला. तालुक्यानं सांगितलं, लेखी विचारा. साहेबांनी लेखी विचारलं. त्याचं उत्तर अजून यायचंय.

तोवर आक्कानं निकाल देऊन टाकला. "सकाळी दिलं तर ओलं, सांजच्याला दिलं तर सुकं!"

गावात आजही हाच कायदा चालू आहे.

* * *

आता एक गोष्ट सांगायला हवी. पुढं बसणाऱ्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. कुणी काय दिलं ते फक्त आक्काला कळतं. आणि आक्काच्या पोटातलं काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

गावात एक रिटायर्ड गुरुजी आहेत. ते आपल्या दारात कधीच कचरा द्यायचे नाहीत. दोन गल्ल्या पलीकडं चालत येऊन, पेपरात नीट गुंडाळलेलं काहीतरी आक्काच्या हातात ठेवायचे आणि मागं न बघता निघून जायचे.

मी विचारायची, "आक्का, गुरुजींनी काय दिलं गं?"

"पेपर."

एक दिवस शेडमध्ये ते पुडकं फुटलं आणि आतून पेढ्यांचं रिकामं खोकं बाहेर पडलं. गुरुजींना शुगर! सूनबाई चहातली साखरसुद्धा चमच्यानं मोजून घालणारी. रेखाला हसू आवरेना. आक्कानं तिच्याकडं असं बघितलं की तिचं हसू घशातच राहिलं.

त्याच आठवड्यात सूनबाई शेडवर आली. चेहरा पडलेला. "आक्का, मामंजींची शुगर लई वाढलीया. भाईर काय खात्यात काय हो?"

"मला कसं कळायचं बाई? मी कचरा बघतो, माणसं न्हाय." आमच्या भागात बायकाही ‘मी बघतो, मी येतो’ असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पुडकं घेऊन आले. आक्कानं हात मागं घेतला. "गुरुजी, आजपास्नं ह्ये मी घेणार न्हाय. तुमच्याच दारातल्या बादलीत टाका."

आता स्वतःच्या बादलीत टाकायचं म्हणजे सुनेसमोर टाकायचं! खोकं टाकायला जागा नाही म्हणून गुरुजींचे पेढे बंद झाले. दोन महिन्यांत शुगर खाली आली. डॉक्टर म्हणाले माझ्या गोळ्यांमुळं, सूनबाई म्हणाली माझ्या कारल्याच्या रसामुळं. आक्का आपली बादल्या घेत राहिली.

* * *

तुकाराम तात्यांची कवळी हरवली तो दिवस तर विसरता येणार नाही. पेपरात गुंडाळून ठेवली होती आणि घरातल्यांनी पेपर कचऱ्यात दिला, असा तात्यांचा दावा. तात्या शेडवर येऊन बसले. दात नाहीत, त्यामुळं काय बोलतायत ते निम्मं कळेना, पण शिव्या आहेत एवढं कळत होतं.

पाच जणींनी मिळून दोन तास आख्खा ढीग उपसला. आणि सापडली! आक्कानं कढत पाण्यानं धुतली, साबण लावला, पुन्हा धुतली. तात्यांनी घातली. तोंड इकडून हलवलं, तिकडून हलवलं. मग बाहेर काढून हातावर ठेवली आणि म्हणाले, "ही माझी न्हाय."

तेवढ्यात तात्यांचा नातू पळत आला. तात्यांची कवळी त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडली होती.

मग ही कुणाची? ती कवळी अजून शेडच्या फळीवर आहे. आक्का म्हणाली, "ज्याची हाय त्यो येऊन बोलंल."

रेखा म्हणाली, "आक्का, दातच न्हाईत तर बोलंल कसा?"

* * *

असं सगळं मजेत चाललं होतं. पण शेडला लागून आप्पासाहेबांचं शेत. ऊस आणि तंबाखू. माणूस सज्जन. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज जाणारा, सूर्य मावळायच्या आत जेवणारा, कुणाला अरे-तुरे न करणारा. पण त्यांनी पंचायतीत अर्ज दिला, की शेडमधल्या खताच्या हौदाचा वास येतो, शेड हलवा.

अर्ज आला म्हणजे पाहणी आली. पीडीओ साहेब आले, पंचायतीचे अध्यक्ष आले. आप्पासाहेबांनी सगळ्यांना बांधावर उभं केलं. "घ्या वास."

अध्यक्ष हळूच साहेबांकडं बघायला लागले. साहेबांनी दोनदा नाक ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं आणि म्हणाले, "मला चार दिवस सर्दी आहे. तुम्ही सांगा."

अध्यक्ष म्हणाले, "मी तपकीर ओढतो साहेब. मला गुलाबाचा बी येत न्हाय."

पाहणीच्या कागदावर लिहिलं गेलं, ‘वासाबाबत निर्णय ग्रामसभेत घ्यावा.’

तेव्हा आम्ही खूप हसलो. पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. शेड हलवायचं म्हणजे माळावर न्यायचं, आणि माळावर गाडी जायला रस्ताच नाही. म्हणजे शेड बंद, गाडी बंद आणि आम्ही पाच जणी परत सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसणार. मला खरंच भीती वाटली. एकदा मान वर करून रस्ता बघायची सवय लागल्यावर ती परत खाली घालायची कशी?

* * *

ग्रामसभेला समाजमंदिर भरलं होतं. आधी दिव्यांचे खांब झाले, मग गटार झालं, मग आमचा विषय आला.

आप्पासाहेब उठले. शांतपणे म्हणाले, "माझं कुणाशी वैर न्हाय. ह्या बायका कष्टाळू हाईत, ते बी मान्य. पण शेतात माणसं भाकरीचं फडकं सोडून बसली की वास येतोय. शेड माळावर न्या, एवढंच म्हणणं."

सज्जन माणूस बोलला की लोकांना पटतंच. इकडून तिकडून "व्हय, व्हय" सुरू झालं. मी बोलण्यासाठी कागदावर चांगलं दीड पान लिहून आणलं होतं. उठले, कागद उघडला, पण तीस वर्षांच्या सवयीनं मान खाली गेली ती वर येईना. तशीच खाली बसले. अध्यक्षांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "मग मतं घेऊया काय?"

तेव्हा पार्वती आक्का उठली. पदर खोचला. आयुष्यात पहिल्यांदा ती सभेत बोलत होती.

"अध्यक्ष, मी शिकलेली न्हाय. अर्जबिर्ज मला कळत न्हाय. आप्पासाहेब वास येतोय म्हणत्यात, तर येत असंल. पावसात थोडा येतोय, आमी चुना मारतो. पण एक सांगतो. दोन वरसं झाली, ह्या गावातल्या समद्या बादल्या माझ्या हातातनं जात्यात. वरचं बी मीच बघतो, तळातलं बी मीच बघतो. पेपरात गुंडाळलेलं बी उलगडून निवडाय लागतंय. कुणाच्या घरात काय येतंय, काय जातंय, समदं मला ठाव हाय. ह्या तोंडातनं आजवर एक अक्षर भाईर गेलंय काय? सांगा कुणी बी!"

पुढच्या रांगेतल्या एकानं उगाच घड्याळाला किल्ली दिल्यासारखं केलं.

"आता शेड बंद झालं तर मी माझी घरी बसंन. उद्या दुसरं कोण गाडीवर येतंय, त्याचं तोंड कसं असंल, ते मला सांगता येणार न्हाय. एवढंच बोलतो."

आणि ती खाली बसली. खरं सांगते, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. आम्ही इमानानं काम केलं, एवढंच तिला सांगायचं होतं.

अध्यक्षांनी घाम पुसला. "बरं. शेड हाय तिथंच राहावं, असं ज्यास्नी वाटतंय त्यांनी..."

वाक्य पुरं व्हायच्या आधी हात वर गेले. सगळ्या रांगांचे. बायकांचे, बाप्यांचे, तालमीतल्या पोरांचे. पीडीओ साहेब गावातच भाड्यानं राहतात. त्यांना मत नसतं, तरी त्यांचाही हात अर्धा वर गेला. आणि सगळ्यात आधी वर गेलेला हात होता आप्पासाहेबांचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आप्पासाहेबांच्या दारात थांबली. त्यांनी स्वतः बाहेर येऊन बादली दिली, आक्काला हात जोडले आणि लगबगीनं आत गेले. गाडी गल्लीच्या बाहेर काढेपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं जाऊन विचारलं, "आक्का, आता तरी सांग. आप्पासाहेबांच्या बादलीत असतंय तरी काय?"

आक्कानं माझ्याकडं नीट बघितलं. मग, गुरुजींच्या पुडक्याला ‘पेपर’ म्हणाली होती त्याच आवाजात म्हणाली, "काय असणार गं? मेथीची देठं आन् केळाच्या साली."