ताईच्या अंगात यायचं ते

आमच्या चाळीतल्या भगताने माझ्या थोरल्या बहिणीचा घात केला.

ताईचा संधिवात जुना. बोटं इतकी वाकडी की ब्लाउजचे हूक मी लावून द्यायची. संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा मी लालबागच्या फुटपाथवर सुकी मासळी मांडली आणि गिऱ्हाइकांशी भांडून भांडून तिचं नि माझं घर चालवलं.

एका मंगळवारी आरतीला ताईने देवीपुढे मान वाकवली आणि ती नखशिखांत थरथरली. भगत ओरडला, "आली! आई आली!" बायकांनी तिचे पाय धरले. "आई, गिरणी कधी उघडेल गं?" ताईचे डोळे मात्र टक्क उघडे, माझ्यावर खिळलेले.

मग दर मंगळवारी तेच. कापराच्या धुरात तिची सावली तिच्यामागून जरा उशिरानेच थरथरते, असं मला वाटायचं.

घरी ती म्हणाली, "बाय गो, देवी नाय ती. मान वाकवली की वीज जाते पायापर्यंत."

मी तिला भगताकडे नेलं. तिने त्यालाही हेच सांगितलं.

"ताई, बाहेर बोलू नका," तो म्हणाला. "बायकांना एवढाच आधार उरलाय."

"आणि त्याचा भार हिच्या मानेवर?" मी कडाडले.

"तुझा तोंडाचा पट्टा बाजारात चालव गो," तो हसला.

पुढच्या मंगळवारी मी धंद्यावर होते. बायका ताईला घेऊन गेल्या. ती वाकेना, तेव्हा भगताने तिचं डोकं धरून खाली दाबलं. शेजारणीने डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर ताई कापसावरून चालल्यासारखी चालायची. परळच्या नाक्यावर एकदा तिची एक चप्पल मागेच राहिली आणि ही पुढे चालतच राहिली.

"ताई, चप्पल!"

"दोन्ही आहेत ना पायात?"

इस्पितळात डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. संधिवाताने मानेचे वरचे मणके सैल झाले होते; वाकली की आतला मज्जारज्जू चेपायचा. "मानेवर कुणी जोर दिला होता का?" त्यांनी विचारलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पाय गेले ते गेलेच.

भगत आता सांगत फिरतो, देवी कोपली म्हणून. भगता, देवीला मध्ये आणू नकोस. ताईने तुला तोंडावर सांगितलं होतं. तरी तिचं डोकं का दाबलंस? ये चाळीच्या चौकात आणि सगळ्यांदेखत उत्तर दे.