चाळीस दिवसांनी वाजवा

गाणं ऐकताना त्या सिस्टरबाई स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या. पेशंटची नाडी बघावी तशी स्वतःची. गाणं संपलं की निकाल ऐकवायच्या, "नाही हो भाऊ, जीव नाही त्यात." माझ्या दुकानातल्या कितीतरी गाजलेल्या तबकड्या त्यांनी अशा नापास केल्या. मला राग यायचा. घोडेगावात भोंगे भाड्याने देणारा मी एकटा, आणि ही मिशनच्या दवाखान्यातली नर्स मला गाणं शिकवणार! पण त्या गेल्यावर मी तीच तबकडी पुन्हा लावून बघायचो, आणि खरंच जीव नसायचा.

तुम्ही म्हणाल, नर्सला गाण्यातलं काय कळतं? तर बाजारतळाच्या मागे जे छोटं चर्च आहे, तिथलं गायनमंडळ त्या चालवायच्या. दवाखान्यात पूर्वी एक अमेरिकन डॉक्टरीणबाई होत्या. मायदेशी जाताना त्या आपल्याकडच्या तबकड्या बाईंना देऊन गेल्या. तिकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमधली गाणी होती ती. आवाज चढत जातो, मध्येच रडू फुटल्यासारखा चिरतो आणि तिथूनच पुन्हा वर उठतो. बाईंनी ते सगळं मराठीत आणलं. एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्यांना ऐकलं, मुंबईला नेलं आणि त्यांची छोटी तबकडी काढली.

ती घेऊन त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर राख होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "आजपासून आमचे उपासाचे दिवस. हळू आवाजात एकदाच लावा, भाऊ."

मी लावली. रस्त्याच्या वळणावर उभी राहून एक मुलगी निघालेल्या माणसाला थांबवते आहे, एवढंच गाणं. पण काय सांगू! माझ्या अंगावर काटा आला. बाईंची बोटं मनगटावर होती. या वेळी निकाल मात्र त्यांनी दिला नाही.

"आमच्या चर्चच्या पंचांना हे पसंत नाही," त्या म्हणाल्या. "देवाच्या घरात गाणाऱ्या बाईनं प्रेमाचं गाणं गायलं म्हणून. पाळकसाहेब म्हणालेत, ईस्टर झाला की सगळे मिळून ऐकू, मग ठरवू. तोवर याचा आवाज बाहेर गेला, तर मला गायनमंडळात गाऊ देणार नाहीत. चाळीस दिवसांचा उपास आहे. तो संपला की खुशाल वाजवा."

मी शब्दाचा पक्का माणूस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लाल पेन्सिलीने एक फुली मारत गेलो. चाळिसावी फुली एका रविवारी पडली. तरी मी घाई केली नाही, शुक्रवारच्या बाजाराची वाट पाहिली.

दुष्काळाचं साल होतं. बाजारात जनावरं विकणारेच जास्त. दुपारी बाराच्या सुमाराला मी दोन्ही भोंगे बांधले आणि बाईंची तबकडी लावली. हळूहळू सौद्यांचा गलका कमी झाला. बैलाचा कासरा धरून उभा असलेला एक म्हातारा भोंग्याखाली आला. "लई जीव तोडून बोलवती रं ती बया. पुन्यांदा लाव." मी लावली. मग दुसऱ्याने सांगितलं, मग तिसऱ्याने. माझी छाती फुगली होती. बाईंना जाऊन कधी सांगतो असं झालं होतं.

सहाव्यांदा तबकडी फिरत असताना दवाखान्याचा कंपाउंडर धावत आला आणि त्याने सुईच उचलली.

"आरं, आज आमच्या प्रभूच्या मरणाचा दिवस हाय! समदी मंडळी बारापास्नं चर्चमधी बसल्यात."

"पण चाळीस दिवस झाले की! मोजलेत मी."

"उपासात रविवार धरत न्हाईत, बाबा. ईस्टर परवा हाय."

मी तबकडी काढून पाकिटात घातली. आत काय झालं ते कंपाउंडरनेच सांगितलं. चर्चमध्ये वचन वाचायचं, मग सगळ्यांनी गप्प बसायचं, असं चाललं होतं. त्या शांततेत खिडकीतून बाईंचा आवाज येत राहिला. बाई पहिल्या बाकावर पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसल्या होत्या, आणि सगळं चर्च त्यांच्या पाठीकडे बघत होतं.

शनिवारी पंच बसले. मी न बोलावता गेलो, हात जोडले, चूक माझी म्हणालो. पंचांमध्ये थोरले एक निवृत्त मास्तर होते. याच मास्तरांनी बाईंना लहानपणी पेटीजवळ बसवून सूर शिकवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"याला वाजवायला कुणी सांगितलं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "चाळीस दिवस म्हणाले. रविवारचं सांगायचं राहिलं."

"मग उद्या चर्चमध्ये सगळ्या मंडळीपुढे क्षमा माग. दिवसाची आणि गाण्याचीही. तरच गायनमंडळात उभी राहा."

बाई पदर सावरून उठल्या.

ईस्टरच्या सकाळी मी दाराशी चपलांजवळ उभा राहिलो. दोन शब्द म्हणून टाका बाई, असं मनात घोकत होतो. त्या उभ्या राहिल्या. "परवा तुमची उपासना माझ्यामुळे मोडली. मला क्षमा करा."

"आणि गाण्याबद्दल?" मास्तरांनी विचारलं.

"गाण्यात मी कुणाचं वाईट केलं नाही, मास्तर."

"तर मग मंडळात गाता येणार नाही, पोरी." मास्तर पेटीकडे बघत म्हणाले.

बाईंनी आपलं गीतांचं पुस्तक पेटीवर ठेवलं आणि मधल्या वाटेने बाहेर आल्या. माझ्याजवळ थांबल्या.

"बाजारात लोकांनी ऐकलं का हो?"

"पुन्हा पुन्हा लावायला लावलं, बाई."

"असं?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर मला चक्क आनंद दिसला. चपला घालून त्या निघून गेल्या. तिथे पुन्हा कधी गायल्या नाहीत. पावसाळ्याआधी बदली घेऊन गाव सोडलं, आणि त्यांची दुसरी तबकडी निघाल्याचंही माझ्या कानावर आलं नाही.

पण हे पुढचं झालं. त्या सकाळी त्या फाटकाबाहेर पडल्या, आणि आत पेटीवाल्याने ईस्टरच्या गीताचे सूर धरले. पहिली ओळ कायम बाई उचलायच्या. पेटी वाजून थांबली. गायनमंडळातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पेटीवाल्याने पुन्हा तेच सूर वाजवले, पुन्हा थांबला. शेवटी मास्तरांनी गायला तोंड उघडलं, आणि ते तसेच उभे राहिले, दाराकडे बघत.