कंसाच्या अलीकडचं नाव

दुष्काळाच्या त्या सालांत आमच्या मुकुंदवाडीच्या ऑफिसातली टाकी कधी भरली नाही, किस्से मात्र साठत गेले. चहाला बसलो की एकामागून एक निघतो. काम साधं: लोकांच्या वतीनं मेल पाठवणारे प्रोग्राम लिहायचे. तिघंच होतो. मालक म्हणजे सर, मी, आणि बजाजनगरहून येणारी सुजाता खरात. कोड बहुतेक तिचाच.

*

शहर पसरत होतं, नळ मागं राहिले होते. नव्या सोसायट्यांना टँकर कधी येणार ते आमच्या मेलवरून कळायचं. एका सोसायटीच्या काकांचं नाव भरलेलं होतं "पवार, सचिव". स्वल्पविराम दिसला की प्रोग्रामला वाटतं, एक पत्ता संपला, दुसरा सुरू. म्हणून असं नाव अवतरणचिन्हांत घालावं लागतं. सुजातानं ते सांगितलं होतं. सर म्हणाले, घाई आहे, पुढच्या वेळी बघू.

मेल गेलाच नाही. टँकर आला आणि बंद गेट बघून परत गेला.

दुसऱ्या दिवशी पवारकाका रिकामा जार घेऊन जिना चढून आले. सरांनी त्यांना स्वल्पविरामाची भानगड नीट समजावली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि जार टेबलावर ठेवला.

"बरं. मंग यात तुमचा स्वल्पविराम भरून द्या. घरी लई लोक तहानलेत."

*

एकदा सरांचं मराठीत लिहिलेलं नाव समोरच्याला नुसती प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसलं. एका गिऱ्हाइकानं उत्तर धाडलं, "आदरणीय प्रश्नचिन्ह साहेब".

ही चूक मात्र त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली!

*

वाळूजच्या एका कारखान्यानं पाणी नाही म्हणून एक पाळी बंद केली. सोमवारपासून येऊ नका, असा मेल कंत्राटी कामगारांना आमच्याकडून जायचा होता. प्रत्येकाला वेगळा पाठवू, असं सुजाताचं म्हणणं. सरांनी सगळे पत्ते एकाच ओळीत घालायला लावले, लवकर उरकतं म्हणून. सगळ्यांची नावं सगळ्यांना दिसली.

एकाचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना: "साहेब, यात माझ्या भावाचंबी नाव हाय. तो आत्ता पाळीवरच हाय. त्याला मी सांगू का तुम्ही सांगता?"



*

मेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव आधी येतं, मग कंसात पत्ता. पुण्याच्या एका बड्या गिऱ्हाइकानं सुजाताचे मेल बघून सरांना हसत विचारलं, "खरात म्हणजे आपल्यातल्या का?" सरांनी विषय बदलला. नंतर तिला म्हणाले, तुझ्या मेलवर नुसतं सुजाता ठेव, सुटसुटीत दिसतं. माझं कुलकर्णी तसंच राहिलं.

तिनं आडनाव काढलं. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मेलला पत्ता लागतो. नावावाचून त्याचं अडत नाही."

पुढं ती यायची थांबली. एका सकाळी सरांना तिचा मेल आला. विषय: राजीनामा. नावाच्या जागी: सुजाता भीमराव खरात. आत काहीच नाही, कोरा.

सरांनी वर-खाली सरकवून बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवला.

"बघ कुलकर्णी, शेवटी तिचाही कोड चुकला. मजकूरच आला नाही."