सायप्रसचा चढ

अकरा वर्षं श्रावस्ती सायप्रस विकत होती, पण सायप्रसला तिनं पाय ठेवला नव्हता.

आखातातल्या मनामा शहरात एका ट्रॅव्हल ऑफिसात ती तिकिटांच्या कामाला लागली होती. पुढे मालकांनी, रायगडच्या उबेदभाईंनी, सहलींच्या जोडीला तिथली घरंही विकायला घेतली. श्रावस्तीला माहिती तोंडपाठ. निळं पाणी, लिंबांच्या बागा, उन्हाळ्यात डोंगरावरची गार हवा... ती बोलू लागली की गिऱ्हाईक खुर्चीतून हलत नसे.

एकदा शेजारच्या मुहर्रक गावचे मुख्तारचाचा आले. चाळीस वर्षांचं दुकान आवरून त्यांना समुद्राकाठी घर घ्यायचं होतं. पत्रकात लिहिलं होतं, समुद्र पाच मिनिटांवर.

"बेटी, तुझ्या झोहराचाचीचे गुडघे गेलेत. तिला जमेल ना चालत? तू चाललीयेस ना त्या रस्त्यानं?"

श्रावस्तीनं पत्रक मिटलं. "नाही, चाचा," ती म्हणाली. "महिनाभर थांबा. चालून बघते, मग सांगते."

उबेदभाई वैतागले. "फोटो आहेत, व्हिडिओ आहे. आणखी काय पाहिजे तुला?"

"फोटोत चढ दिसत नाही, उबेदभाई."

अमरावतीला सासरी जायला जमवलेली रजा तिनं यासाठी काढली. नवरा अनिरुद्ध म्हणाला, "आईला काय सांगू?" "खरं ते सांग," म्हणून तिनं बॅग भरली. व्हिसा एकदा नाकारला गेला. तिनं पुन्हा अर्ज केला.

बेट तिच्या बोलण्यापेक्षाही देखणं निघालं. जुन्या बंदरात जाळी विणणारे म्हातारे, त्यांच्या पायांशी मांजरं, संध्याकाळी मधासारखे पिवळे होणारे दगड. तरी तिसऱ्या दिवशी ती भर दुपारी पत्रकातल्या इमारतीपासून निघाली. पाच मिनिटं गाडीची होती. पायी उतरायला पस्तीस लागली, चढायला जवळजवळ तास. फुटपाथ नाही, सावली नाही. आपलंच काही चुकलं असेल म्हणून चौथ्या दिवशी ती पुन्हा चालली. तेवढाच वेळ लागला. मग उरलेले चार दिवस तिनं सपाट रस्ता शोधण्यात घालवले. एका जुन्या वस्तीत तो सापडला: भाड्याच्या साध्या खोल्या, समुद्र अकरा मिनिटांवर, वाटेत दोन बाकडी.

परत येऊन तिनं सगळं लिहून काढलं. उबेदभाईंनी कागद वाचून खाली ठेवला.

"हे बाहेर गेलं तर तिथला बिल्डर घरं विकायचं काम काढून घेईल."

"घेऊ दे. चाचांना मी हेच सांगणार. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ता राजीनामा लिहून देते."

उबेदभाईंनी कागद पुन्हा उचलला. "राजीनामा मफी, काही गरज नाही," ते म्हणाले. "चाचांना बोलाव. मी पण बसतो."

बिल्डरनं काम खरंच काढून घेतलं. चार-पाच महिने ऑफिस नुसत्या सहलींवर चाललं. चाचांनी घर घेतलं नाही. त्या जुन्या वस्तीत दोन महिने भाड्यानं राहिले. झोहराचाची पहिला आठवडा खिडकीतच बसून होत्या. नवव्या दिवशी काठी टेकत निघाल्या, दोन्ही बाकड्यांवर टेकल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. चाचांनी फोटो पाठवला.

उबेदभाईंनी तो दोनदा मोठा करून पाहिला आणि क्रीट बेटावरच्या घरांची नवी फाईल श्रावस्तीपुढे सरकवली.

"पत्रक कधी छापायचं, तू सांग."

"चालून आल्यावर," ती म्हणाली आणि व्हिसाचा फॉर्म भरायला बसली.