सलीमभाईंच्या भिंगाखाली

आमच्या चिप-बोर्डवाल्या मंडळींचे किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. नगरच्या दिल्ली गेटजवळ सलीमभाईंचं लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं संध्याकाळी दोन तास बसलं की एखादा पदरात पडतोच. मी एमआयडीसीत मशीनची पॅनल सांभाळतो, म्हणजे निम्मा त्याच लाइनीतला. पण चिप काय चीज आहे, ते मला या दुकानात कळलं.

*

पारनेरचे बापू शेती करतात आणि हौसेनं कॉम्प्युटर जोडतात. प्रोसेसरवर लावायची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. बापूंनी पहिल्याच जोडणीत अख्खी ट्यूब रिकामी केली आणि वर बोटानं सारखी केली! पेस्ट सॉकेटमध्ये उतरली, मशीन काही सुरू होईना. सलीमभाईंनी अर्धा दिवस घालवून एकेक पिन साफ केली आणि शांतपणे म्हणाले, "बापू, भाकरीला लोणी न्हाई लावायचं. चिपची गर्मी काढायचीय."

तेव्हापासून बापू पेस्ट लावायच्या आधी सगळ्यांना दाखवून घेतात.

*

शिर्डीच्या एका लॉजचा कॉम्प्युटर दसऱ्यानंतर बंद पडला. मालकांनी खंडेनवमीला त्याची मनापासून पूजा केली होती. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं वरच्या जाळीतून थेट आत! पंख्यात तांदूळ अडकलेले.

सलीमभाईंनी आतलं सगळं ब्रशनं काढलं, पण पुढच्या पत्र्यावरचं कुंकवाचं बोट तसंच ठेवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यानं काय गरम होत न्हाई. राहू द्या त्यांचं."

*

नेवाशाच्या एका मास्तरांना पुण्याहून 'मदरबोर्ड गेला, नवा टाका' असं सांगून परत पाठवलं होतं. आमच्याकडे तो बोर्ड भिंगाखाली घेतला सलीमभाईंच्या लेकीनं, शबानानं. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. तासाभरात तिनं तिळाएवढा एक कपॅसिटर बदलला आणि लॅपटॉप सुरू! मास्तर सलीमभाईंच्या हाताचं कौतुक करायला लागले.

"हात हिचा हाय, मास्तर," सलीमभाई म्हणाले. "माझी नजर आता पोचत न्हाई."

त्या दिवशी आमचीही छाती फुगली होती, आम्ही काहीच केलेलं नसताना.

*

पण शबानाला दुरुस्तीत राहायचं नव्हतं. दुसऱ्यांच्या चिप लई जोडल्या, आता आपली बनवायची, असं तिचं म्हणणं. चिप डिझाइनच्या दोन मुलाखती हातच्या गेल्या. एकीत कॉलेजच्या लॅबबद्दल विचारलं. लॅबची किल्ली कायम क्लार्ककडे असायची, लॅब कधी उघडलीच नाही, हे सांगायची तिला लाज वाटली.

तिसरी मुलाखत बंगळुरूची. ही गेली तर दुकानातच बसणार, असं तिनं घरी सांगून टाकलं होतं. सलीमभाईंना ती दुकानात हवीच होती, नजरेचं कारण तर समोरच होतं. तरी नमाजानंतर दुआ मागायचे ती तिच्या नोकरीचीच. मला या माणसाचा फार अभिमान वाटतो.

*

मुलाखत दुपारी होती आणि नेमकं घरचं नेट बंद. म्हणून ती दुकानातूनच व्हिडिओ कॉलवर मुलाखतीला बसली. बापू दारात उभे राहून गिऱ्हाइकं परतवत होते.

डिझाइनचे प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं, बोर्डवर कुठंतरी शॉर्ट सर्किट आहे, उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा नाही, जागा कशी शोधाल? शबाना म्हणाली, स्पिरिट टाकीन. पडद्यावरचे तिघंही हसले. एकानं विचारलं, हे कुठल्या लॅबमध्ये शिकलात?

"अब्बांच्या टेबलावर."

असं म्हणून तिनं बाजूचा एक मेलेला बोर्ड ओढला, त्यावर स्पिरिट ओतलं, थोडा करंट दिला आणि मोबाईलचा कॅमेरा वर धरला. सगळा बोर्ड ओला, आणि मधला एकच ठिपका भराभर सुकला. शॉर्टवाला भाग आधी तापतो, हे तिला त्या तिघांना समजावून सांगावंही लागलं नाही.

हसू थांबलं. त्यातले मोठे साहेब मराठी निघाले. अब्बा आहेत का तिथं, असं त्यांनी विचारलं. सलीमभाई भिंग कपाळावर सरकवत पुढं आले. साहेब म्हणाले, आमच्या लॅबमधला एक बोर्ड महिनाभर कुणालाच उमगत नाहीये, कुरिअरनं पाठवला तर बघाल का?

सलीमभाईंनी एकदा शबानाकडं पाहिलं.

"कुरिअर कशाला, साहेब? पोरगी तिकडंच येतीय ना."